परांचीवरचा जॅकी

आज 'रश अवर 2' डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. 2001चा हा दुसरा भाग कथेत पातळ आहे. बनावट नोटांचं प्रकरण निमित्तापुरतंच. पण हाँगकाँगमध्ये बांबूच्या परांचीवर जॅकी चॅन चढतो, लोंबकळतो, निसटतो, तेव्हा कथेची उणीव जाणवतच नाही. क्रिस टकरची बडबड मात्र काही ठिकाणी ताणलेली वाटते. झांग झियी मोजकंच बोलून धाक बसवते. डिस्कवर दिग्दर्शक ब्रेट रॅटनरचं निवेदन आहे, वगळलेले प्रसंग आहेत. श्रेयनामावलीसोबतचे फसलेले टेक पाहताना जॅकीच्या सहजतेमागची मेहनत कळते. दुसऱ्या भागाने पहिल्याहून मोठं असण्यापेक्षा तितकंच मनापासून खपावं, असं मला वाटतं. ही डिस्क संग्रही ठेवावी अशीच आहे.