अनंताच्या अलीकडे

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला छंद असू नये, असा काही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. आमच्या हिच्या मते मात्र तो असायला हवा.

निमित्त झालं माळा आवरण्याचं. दिवाळीच्या तोंडावर ही मला दरवर्षी माळ्यावर चढवते आणि खालून हुकूम सोडते. यंदा एक लंगडा पाट आणि १९९४ सालचं पंचांग यांच्या मागे चामड्याची पेटी सापडली. आत अण्णांचा झेनिट! हा रशियन कॅमेरा अण्णांनी १९८२ साली घेतला होता. वजनाला असा, की चोर आला तर त्याचा फोटो काढण्यापेक्षा त्याला फेकून मारणं सोपं. शटर केव्हाच सेवानिवृत्त झालं होतं. पण पुढचं भिंग, हेलिओस-४४-२, अठ्ठावन्न मिलिमीटरचं, अगदी स्वच्छ होतं. त्यावर 'मेड इन यूएसएसआर' असं कोरलेलं. म्हणजे तक्रार करायची सोय नाही. १९९१ साली तो देशच खातं बंद करून गेला.

आमच्या चिरंजीवांकडे नवा, आरसा नसलेला कॅमेरा आहे. त्याने भिंग उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, ''बाबा, ॲडॅप्टर मागव. बसेल.''

ॲडॅप्टर म्हणजे धातूची एक बांगडी. एका बाजूला नवा कॅमेरा, दुसऱ्या बाजूला ४२ मिलिमीटरचे जुने आटे. आत काच नाही, काही नाही, नुसती पोकळी. दोन पिढ्यांना योग्य अंतरावर धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम. आमच्या घरात हे काम मी करतो, त्यामुळे मला त्या बांगडीबद्दल पहिल्या दिवसापासून आपुलकी वाटली.

परीक्षेसाठी रविवार ठरला आणि सिंहगड ठरला. अण्णांना ''येता का?'' म्हणून विचारलं. आई गेल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असतं : ''तुम्ही जाऊन या.'' या वेळी त्या पेटीकडे बघत म्हणाले, ''वर वारा असेल. स्वेटर काढून ठेवा.''

गाडी जाते तिथपर्यंत गाडीने, पुढे अण्णांच्या चालीने, असे आम्ही गडावर पोचलो. हवा स्वच्छ होती. समोर डावीकडे राजगड, उजवीकडे तोरणा. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने सांगितलं, भिंग नाही! जवळजवळ पाव किलोचं भिंग नाकावर घेऊन हा म्हणतो, भिंग नाही! या जुन्या भिंगाला विजेची टोकं नसतात, त्यामुळे त्याला आपली ओळख पटवता येत नाही. मला राग आला नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला ''तुमचं केवायसी नाही'' असं मीही रोज सांगतो. चिरंजीवांनी कुठल्याशा यादीत शिरून 'भिंग नसलं तरी चालेल' अशी मंजुरी दिली.

भिंगावर प्रकाश कमीजास्त करायला दोन कडी. एकाने आकडा ठरवायचा, दुसऱ्याने तो अमलात आणायचा. हेड ऑफिस आणि शाखा! तिसरं कडं अंतराचं. त्याच्या टोकाला आडवा आठ, म्हणजे अनंत. डोंगर पंधरा-सोळा किलोमीटर लांब. तेव्हा मी कडं टोकापर्यंत फिरवलं आणि चाळीस फोटो काढले. मोठे करून बघतो, तर तोरणा ओल्या फडक्याने पुसल्यासारखा!

''ॲडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ ठेवतात,'' चिरंजीव म्हणाले. ''जाड झाला तर लांबचं कधीच स्पष्ट येणार नाही. पातळ असला की कडं खुणेच्या पुढे जातं. बाबा, तू अनंताच्या पलीकडे गेलास.''

''मग या परत,'' ही म्हणाली. ''पिठलं गार होतंय.''

परत येणं सोपं नव्हतं. केसभर मागे यायचं, पण केस दिसायला हवा ना! मला चाळिशी लागलेली. चष्मा लावला तर डोंगर जातो, काढला तर कॅमेरा जातो.

''दे इकडे,'' अण्णा म्हणाले. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. म्हणजे तेही आता बसवलेल्या भिंगांवरच चालतात. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बोटं कड्यावर पुढे गेली, मागे आली, पुन्हा थोडी पुढे गेली आणि थांबली. ''आला,'' ते म्हणाले. एफ-८ वर राजगड असा आला, की कडे मोजून घ्यावेत.

तेवढ्यात दुसरी अडचण. आमच्या दिवाणखान्यात १९८३ सालचा, याच जागेवरून याच भिंगाने काढलेला फोटो आहे. त्यात राजगड आणि तोरणा दोन्ही आहेत. आता काही केल्या दोन्ही एका चौकटीत बसेनात. चिरंजीवांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान. त्यामुळे कडेचा भाग कापला जातो. भिंग तेच, डोंगर तेच, पण हातात येतं ते टीडीएस कापून!

''राजगड ठेव. तोरणा जाऊ दे,'' अण्णा म्हणाले.

''का?''

''डाव्या कोपऱ्यात तुझी आई उभी होती.''

खरंच होती. वाऱ्यात पदर धरून, अंगठ्याएवढी. आणि मी लहानपणापासून तो फोटो डोंगरांचा समजत होतो.

कुणीच काही बोललं नाही. मग अण्णाच हिला म्हणाले, ''सूनबाई, जरा तिथे उभी राहा बघू.''

''अहो अण्णा, केस बघा माझे!''

''असू देत. वारा तेव्हाही होता.''

अण्णांनी कडं फिरवलं. अनंताची खूण सोडून ते बरंच अलीकडे, हिच्या दिशेने आलं. एकच फोटो काढला.

''आजोबा, अजून काढा की. फुकट असतात,'' चिरंजीव म्हणाले.

''एक पुरतो,'' म्हणून अण्णा दह्याच्या मडक्याकडे वळले. वर पुढच्या रविवारी कुठे जायचं, ते मलाच विचारलं.

तर परीक्षेचा निकाल : भिंग पास. नवा फोटो जुन्याच्या शेजारी लागला आहे. ही म्हणते, ''सगळं छान आलंय, पण तुम्ही कुठे आहात?''

आता हिला काय सांगू? बांगडी कधी फोटोत येते का!