शिलकीतला दीड दिवस

प्रवासाचे प्रकार पुष्कळ आहेत. कोणी तीर्थयात्रेला निघतो, कोणी लग्नकार्यासाठी परगावी जातो, तर कोणी केवळ हवापालट व्हावा म्हणून चार दिवस घर सोडतो. या सर्वांहून निराळा असा आणखी एक प्रवास आहे. तो म्हणजे कामाचा प्रवास. दुसऱ्यांनी ठरविलेल्या तारखांना, दुसऱ्यांच्या विश्वासाचे ओझे घेऊन जायचे, काम उरकायचे आणि परत फिरायचे. अशा प्रवासात परके नगर बहुधा गाडीच्या खिडकीतूनच दिसते. परंतु आधी नीट आखणी केली, तर कामाला बाध न येता त्या नगराचीही ओळख करून घेता येते, असा माझा अनुभव आहे.

नागपुरात आमचा एक लहानसा छापखाना आहे. आम्ही सहा जण मिळून तो चालवितो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि क्वचित एखादे पुस्तक, असा आमचा व्यवसाय. एके दिवशी कोलकात्याहून निमंत्रण आले. तेथे मुद्रकांची एक परिषद भरणार होती. शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीन दिवस व्याख्याने, चर्चा आणि यंत्रांचे प्रदर्शन होते.

त्या वेळी आमच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा होता. ऑफसेट छपाईत मजकूर प्रथम ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उमटवितात. त्या पत्र्याला प्लेट म्हणतात. संगणकावरून थेट प्लेट तयार करणारे यंत्र कर्ज काढून घ्यावे की नाही, याचा निर्णय आम्हांला करायचा होता. यंत्राची किंमत आमच्या वर्षभराच्या मिळकतीहून अधिक होती. निर्णय चुकला असता, तर सहा घरांच्या चुली मंदावल्या असत्या. म्हणून सर्वांनी थोडे थोडे पैसे घालून मला परिषदेला पाठविण्याचे ठरविले.

मी एक कोरी वही घेतली आणि तिच्या पानावर तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात ‘काम’, दुसऱ्यात ‘विश्रांती’ आणि तिसऱ्यात ‘दर्शन’ असे लिहिले. आधी पोटोबा, मग विठोबा, ही म्हण ध्यानात ठेवून पहिला रकाना प्रथम भरला. परिषदेचे तिन्ही दिवस त्यात गेले. कोणती व्याख्याने ऐकायची, प्रदर्शनात कोणाला काय विचारायचे, याची यादीही तेथेच केली. नागपूर ते हावडा हे अंतर सुमारे ११३० किलोमीटर आहे. बुधवारी संध्याकाळी निघालेली गाडी गुरुवारी दुपारी पोचणार होती आणि परतीची गाडी सोमवारी रात्री होती. हिशेब मांडला, तेव्हा गुरुवारची दुपार आणि सोमवारचा दिवस, असा दीड दिवस शिल्लक राहिला.

दीड दिवस आणि कोलकात्यासारखे अफाट नगर! व्हिक्टोरिया मेमोरियल, रवींद्रनाथ ठाकुरांचे जोडासांको येथील घर, दक्षिणेश्वराचे मंदिर, राष्ट्रीय ग्रंथालय. जो भेटे तो नवे नाव सुचवी. सारी नावे मी तिसऱ्या रकान्यात लिहून घेतली. पाहतो तो रकाना पानाखाली उतरू लागला! सर्व पाहू गेलो असतो, तर काहीच पाहून झाले नसते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे पैशाला जितके लागू आहे, तितकेच वेळेलाही आहे. मग त्या यादीतील एकेक नाव मी खोडू लागलो.

त्या सुमारास आमच्या छापखान्यातले वृद्ध जुळारी माझ्याजवळ येऊन बसले. शिशाचे खिळे एकेक करून जुळविण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. आता खिळ्यांची छपाई मागे पडली आहे. परंतु मुद्रिते तपासायला ते अजूनही येतात. आम्ही सर्व जण त्यांना काका म्हणतो.

काका म्हणाले, “एवढ्या लांब जाताच आहात, तर श्रीरामपूर पाहून या. आपल्या मराठीच्या छपाईची पहिली पावले तिथे पडली. मला आता तो प्रवास झेपायचा नाही. तुम्ही पाहिलेत म्हणजे मी पाहिल्यासारखेच.”

हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. ते हुगळी नदीच्या काठी, हावड्यापासून रेल्वेने सुमारे २० किलोमीटरवर आहे. आपल्या पुस्तकांत त्याला सेरामपूरही म्हणतात. १७५५ ते १८४५ या काळात ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. १८०० साली विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे मुद्रणालय सुरू केले. केरी मूळचे इंग्लंडातील चांभार. स्वतःच्या कष्टाने ते अनेक भाषा शिकले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरात छापले गेले. १८१० साली त्यांचा मराठी शब्दांचा कोश निघाला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत होते. या कामी त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य झाले. गणपत कृष्णाजींनी मुंबईत आपले छापील पंचांग काढले ते १८३१ साली. म्हणजे त्यापूर्वी कित्येक वर्षे हुगळीच्या काठी मराठी अक्षरे कागदावर उमटू लागली होती.

काकांच्या शब्दांनी माझी निवड सोपी झाली. भारतीय संग्रहालय सोमवारी बंद असते; म्हणून ते गुरुवारी दुपारी पाहायचे ठरविले. सोमवार श्रीरामपुराला दिला. श्रीरामपूर आणि हावडा स्थानक एकाच मार्गावर असल्यामुळे, सामान स्थानकावर ठेवून जाता येणार होते आणि परत येऊन तेथूनच नागपूरची गाडी धरता येणार होती. तेथील महाविद्यालयाला मी आगाऊ पत्र पाठवून भेटीची परवानगीही मागितली. रकान्यात ही दोनच नावे उरली, तेव्हा कोठे मन स्वस्थ झाले.

ठरल्याप्रमाणे गुरुवारी मी हावड्याला उतरलो. तेथून मेट्रोने नदीपलीकडे गेलो. हा मार्ग २०२४ साली सुरू झाला. हुगळीच्या पात्राखालून गाडी पाऊण मिनिटात पार होते. डोक्यावरून एवढी मोठी नदी वाहत आहे, याचा मनाला विश्वास वाटेपर्यंत पैलतीर आलेलाही असतो! १८१४ साली स्थापन झालेल्या संग्रहालयात भारहुतच्या स्तूपाचे कठडे पाहिले. दगडात कोरलेल्या त्या आकृतींपुढे उभे राहिल्यावर, अक्षरे कोरणाऱ्या कारागिरांची मला आपोआप आठवण झाली.

परिषदेचे पहिले दोन दिवस भराभर गेले. रविवारी दुपारी मात्र परीक्षेची घडी आली. अखेरची चर्चा लहान छापखान्यांविषयी होती आणि सभागृह अर्धे रिकामे झाले होते. आमच्या ओळखीची काही मंडळी दक्षिणेश्वरला निघाली होती. “चला की! आता काय राहिले आहे?” असा आग्रह त्यांनी केला. हवा सुंदर होती आणि मनही क्षणभर डळमळले. परंतु वहीतला पहिला रकाना डोळ्यांपुढे आला. ती दुपार माझी नव्हती. मला पाठविणाऱ्यांची होती. मी सभागृहातच थांबलो.

त्या चर्चेत ओडिशातील एक मुद्रक बोलले. त्यांच्या गावातील पाच लहान छापखान्यांनी मिळून प्लेटचे एकच यंत्र घेतले होते. खर्च वाटून घेतला आणि कामाच्या पाळ्याही ठरवून घेतल्या. मी त्यांना गाठून वीज, दुरुस्ती, हप्ते यांविषयी बारीकसारीक प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. आमच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले होते.

सोमवारी सकाळी श्रीरामपूरला गेलो. नदीकडे तोंड करून उभी असलेली, उंच खांबांची महाविद्यालयाची इमारत पाहिली. हे महाविद्यालय १८१८ साली स्थापन झाले. तेथील काठावर बसून मी पंचानन कर्मकार यांचा विचार करीत राहिलो. पोलादाच्या कांबीच्या टोकावर ते अक्षर उलटे कोरीत. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करीत आणि साच्यात वितळलेला धातू ओतून खिळा पाडीत. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असल्यामुळे असे शेकडो ठसे कोरावे लागत. पंचाननांनंतर त्यांचे जावई मनोहर यांनी ते काम पुढे चालविले. १८१२ साली मुद्रणालयाला मोठी आग लागली. कागद व हस्तलिखिते जळाली आणि खिळे वितळून त्यांचा गोळा झाला. परंतु ठसे आणि साचे वाचले होते. त्याच वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे ओतले गेले आणि काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी परतल्यावर हावड्याच्या पुलावर थोडा वेळ उभा राहिलो. १९४३ साली खुल्या झालेल्या या पुलाला नदीच्या पात्रात एकही खांब नाही. १९६५ साली त्याला रवींद्र सेतू हे नाव देण्यात आले. त्या गर्दीत मला आणखी एक गोष्ट आठवली. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ साली या नगराभोवती खंदक खणायला घेतला होता. ‘बर्गी’ म्हणजे आपल्याकडचे बारगीर. त्यांच्या लुटालुटीची आठवण बंगालमधील आयांच्या अंगाईत आजही आहे. ज्या नागपूरच्या नावाने येथील मुले एके काळी भीत, त्याच नागपूरचा मी एक रहिवासी. पण तिन्ही दिवस मला येथे पाहुण्यासारखे प्रेमाने वागविले गेले. हे कोणत्याही यादीत लिहिलेले नव्हते.

नागपूरला परत आल्यावर प्रथम यंत्राची हकीकत सर्वांना सांगितली. आज आम्ही आणि शेजारचे तीन छापखाने मिळून एक यंत्र चालवितो. मग सारी मंडळी जेवायला गेल्यावर काकांना श्रीरामपूर सांगितले. आगीतून साचे वाचल्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. “साचे राहिले ना? मग झाले,” एवढेच ते म्हणाले.

पुढच्या परिषदेला आमच्यातला सर्वांत तरुण सहकारी जाणार आहे. ती वही मी त्याच्या हाती दिली आहे. त्याने पहिला रकाना भरायला घेतला आहे आणि तिसऱ्यातील नावे आतापासूनच पानाखाली उतरू लागली आहेत!