आजचा धडा आज

केडगाव म्हटलं की बाहेरची माणसं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची चौकशी करतात. ते दौंडकडचं केडगाव. आमचं नगरचं, रेणुकामातेचं. शिकवण्याचा वारसा नगरलाही आहेच म्हणा. मिशनरी फरारबाईंची इथली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली. पण संध्याकाळी वीटभट्टीवर पोरं गोळा करताना वारसा कामाला येत नाही, आवाज येतो.

निवृत्तीनंतर मी इथं बिनपगारी शिकवते. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो नि पावसाच्या तोंडाशी संपतो. उचल घेतलेली जोडपी विटा थापतात. मुलं धाकट्याला कडेवर घेऊन वाळत्या विटा उलटवतात. कोण कधी दुसऱ्या भट्टीवर जाईल, नेम नाही. नोकरीत वर्षाचं नियोजन लिहायचे. इथं आज शिकवलेलं आजच हाती लागलं पाहिजे.

म्हणून मी 'अ' पासून सुरुवात करत नाही. ओळीनं अक्षरं घोटायची तर वाचण्याजोगा शब्द यायलाच पंधरवडा जातो. त्यापेक्षा ग, म, न आणि एक काना. तेवढ्यात नाग, मान, मामा, नाना होतात. पोरगी पहिल्याच संध्याकाळी बोट ठेवून 'मामा' वाचते आणि लगेच विचारते, "बाई, मग मामी कशी काढायची?" वेलांटी मला शिकवावी लागत नाही, ती मागून घेते.

हौशी मंडळी गाणी आणि खाऊ घेऊन येतात. येऊ देत. फक्त टाळ्या वाजवणारं मूल वाचायला शिकलं, असं समजून फोटो काढून जाऊ नये.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं नऊ वर्षांची मुलगी थेट वयाच्या वर्गात बसते. मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही कायद्यातच आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे आयांना सांगितलं की म्हणतात, "आमचं कोन ऐकतंय, बाई?" त्यामुळे त्या भट्टी सोडून निघतात तेव्हा प्रत्येकीला एक कागद देते: कायद्याचं नाव, साल, मुलीला काय वाचता येतं आणि कुठं अडतं. शिक्का नसतो. खाली माझा फोन नंबर असतो, आणि गावाकडच्या गुरुजींचे फोन येतात.