उलटी लेन्स

फोटोग्राफी हा पगारदाराने करायचा छंद नव्हे, असे आमच्या सौ.चे मत. पण आईची नजर अधू झाली आणि वसईच्या आमच्या वाडीतल्या मोगऱ्यावरच्या मुंग्या तिला दिसेनाशा झाल्या. "फोटो मोठा करून दाखव ना रे," ती म्हणाली.

मी बोरा बाजार गाठला. मॅक्रो लेन्सची किंमत ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात मुंगीला पाटल्या होतील!"

शेवटी अॅपर्चर हाताने फिरवायची, १.८ची जुनी ५० मिलिमीटर लेन्स आणि काहीशे रुपयांची रिव्हर्स रिंग घेतली. लेन्स सुलटी लावली, की ५.६च्या मानाने सुमारे दहापट उजेड घेते. तुळशीपुढच्या पणतीतही आईचा चेहरा टिपता येतो. उलटी लावली, की मुंगी हत्तीएवढी! मात्र केसभर जाडीचा भागच स्पष्ट येतो. श्वास रोखून आपणच पुढेमागे व्हायचे.

दोन्ही फोटो मोठे छापून आणले. आईने ते डोळ्यांशी धरले.

"मुंगी ओळखली. पण ही म्हातारी कोण रे?"

ती हसत होती. मी लेन्स पुसत राहिलो.