मुक्ताच्या पाटीसाठी कूपर ब्लॅक

चि. मुक्ता,


बेकरीच्या पाटीचं डिझाइन मिळालं. नावासाठी तू कूपर ब्लॅक हे अक्षर निवडलंस, फार आनंद झाला. मैत्रिणी त्याला जुनाट म्हणाल्या म्हणून डळमळू नकोस.

हे अक्षर शिकागोचं. ऑस्वल्ड कूपर जाहिरातींसाठी हातानं अक्षरं काढायचा. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं १९२२ मध्ये या अक्षराचे खिळे बाजारात आणले. जाहिरातवाल्यांनी ते असे उचलले की लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीनं तोडीस तोड म्हणून फ्रेडरिक गाउडीकडून गाउडी हेवीफेस करून घेतला. गाउडी म्हणजे खुद्द कूपरचा शिक्षक. तरी आज जो तो ओळखतो ते शिष्याचंच अक्षर, आणि त्याचं कारण मला त्याच्या घडणीत दिसतं.

मोठं करून बघ. रेघांच्या शेवटी सेरिफ, म्हणजे छोट्या पट्ट्या, आहेत, पण एकीलाही टोक नाही. अक्षरांची खालची कडसुद्धा सपाट नाही, किंचित फुगीर आहे. 'ओ'च्या पोटातली पोकळी इवलीशी आणि मागे कललेली. जाड आणि बारीक रेघांतला फरक बेताचाच. एवढाच काळा भार पोस्टर बोडोनीसारख्या धारदार अक्षरात आला की ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं. कूपर ब्लॅक मात्र भरल्या अंगाच्या आजीसारखं जवळ बोलावतं. शिवाय कोपरेच नसल्यामुळे शाई थोडी पसरली किंवा कापड खरबरीत निघालं तरी त्याचं रूप जात नाही. १९७०च्या दशकात टी-शर्टवर इस्त्रीनं चिकटवायच्या अक्षरांत ते जिकडेतिकडे दिसायचं, ते उगीच नव्हे. त्याआधी १९६६ मध्ये बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स' या अल्बमच्या कव्हरवर ते आलं, आणि ईझीजेटच्या विमानांवर आजही आहे.

आता तुझ्या पाटीकडे येते. नाव ठेव, पण खालची नानकटाई, खारी, पाव ही यादी त्याच अक्षरात नको. लहान आकारात पोकळ्या बुजतात आणि ओळ काळा पट्टा दिसते. यादीला साधं, मोकळं अक्षर घे. नावाची अक्षरं मात्र आणखी जवळ आण; या गोलाईला दाटी शोभते. आणि सगळी कॅपिटल नकोत. कूपरची खरी माया लहान लिपीत आहे, 'ए' आणि 'जी' बघितलेस की कळेल.

मराठी नावाचा विचार तू शेवटी केलेला दिसतो, तो आधी कर. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. देवनागरीच्या अंगावर रोमन सेरिफ चिकटवू नकोस. आपल्याला शिरोरेषा आहे, तोल तिथून धर. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' हा फॉन्ट लावून बघ, फुकट मिळतो. तो कूपर ब्लॅकपेक्षाही गुबगुबीत आहे, आतल्या मोकळ्या जागा नुसत्या फटींसारख्या उरतात. म्हणून जोडाक्षरं नीट लागतात का ते तपास.

मग दोन्ही नावं खऱ्या मापात छापून दुकानावर लाव आणि रस्त्यापलीकडून, संध्याकाळच्या उजेडात फोटो काढून पाठव. रंगाचं त्यानंतर बोलू.

तुझी,
आत्या