आधी खांदा, मग तोंड

दात कानसताना चौघांनी दाबून धरलेली तीन वर्षांची घोडी आता नुसती म्होरकी दिसली तरी मान झटकते. लोक तिला हट्टी म्हणतात. ती घाबरलेली आहे.

घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने कडांना धार चढते, गाल आतून सोलवटतात. म्हणून कानस फिरवावीच लागते. त्यात अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात दुधाचे दात पडत असतात, हिरड्या आधीच हुळहुळ्या. अशा तोंडात गुंगीचं इंजेक्शन न देता जबडा फाकवणं हा निव्वळ छळ आहे.

तोंडात जखम उरलेली नाही, हे डॉक्टरांनी आधी पाहायला हवं. मग भीती घालवायचं काम मोतद्दाराचं.

1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांच्या अभ्यासात दिसलं, की आयाळ संपते तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात. शहाणा मोतद्दार तिथूनच सुरुवात करतो. मग मान, मग गाल. बोट ओठाच्या कोपऱ्याशी पोचलं आणि तिने श्वास रोखला, तर बोट तिथेच थांबतं. ती मान सैल सोडते, त्याच क्षणी हात मागे. उशीर झाला, तर शांत राहिल्याने सुटका होते हे तिला कळत नाही. पुढे कधीतरी गुळाचं बोट पुढचे दात आणि दाढा यांमधल्या रिकाम्या हिरडीवर टेकतं. ती चाटते.

पुढच्या तपासणीला इंजेक्शन आधी, कानस नंतर, आणि दोरी याच मोतद्दाराच्या हाती.