सेंद्रिय शेतीच्या दाखल्यामागची गोष्ट

बेल्हे, ता. जुन्नर

चि. सायली,


जर्मनीत डाळीच्या पाकिटावर चांदण्यांनी रेखलेलं पान दिसतं, ते सेंद्रिय आहे हे ठरवतं कोण, असं तू विचारलंस. त्या पानाखालचा संकेतांक बघ. माल कोणत्या संस्थेने तपासला ते त्यावरून कळतं.

सेंद्रिय शेतीची एक मुळी आपल्याच देशात आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये भारतात आले. इथल्या शेतकऱ्यांची शेती बघून ते स्वतःच शिकत गेले. पुढे इंदूरला त्यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्रात मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, अधूनमधून खालीवर करून तीनेक महिन्यांत खत करायची रीत बसवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली.

मग दाखला लागतो कशाला? आपल्या सोमवारच्या बाजारात पिकवणारा समोर असतो, त्याचा शब्द पुरतो. माल परदेशी निघाला की अनोळखी गिऱ्हाइकाला खात्री द्यावी लागते. त्यासाठी केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आणला. तो अपेडा ही शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी सरकारी संस्था राबवते. यातला दाखला पिकवण्याच्या रीतीला मिळतो. बियाणं कुठलं, खत कुठलं, फवारणी कशाची, सगळं वहीत टिपावं लागतं. शेजारच्या रानातलं औषध उडून येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा राखावा लागतो. दरवर्षी निरीक्षक येतो. हंगामी पिकांना पेरणीआधी किमान दोन वर्षं आणि फळबागेला पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं या शिस्तीत काढावी लागतात.

लहान शेतकऱ्याला या दाखल्याचा खर्च सहसा झेपत नाही. देशातल्या विक्रीसाठी त्याला पीजीएस-इंडिया ही सोय आहे: किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांची रानं तपासायची. शेजाऱ्याच्या रानात काय चाललंय हे शेजाऱ्याइतकं कुणाला ठाऊक?

खरी कसोटी पूर्ण दाखल्याआधीच्या त्या मधल्या वर्षांत लागते. उत्पन्न घटू शकतं, आणि सेंद्रियचा भाव अजून मिळत नाही. पीजीएसमध्ये या काळातल्या मालाला ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या घरांनी हा माल आवर्जून, चार पैसे जास्त देऊन घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. तेवढा आधार मिळाला तर अनेक शेतकरी पुढच्या दाखल्यापर्यंत टिकतील.

तुझा,
मामा